डायलवाल्या ब्रेकरची झेडएस मर्यादा कशी काढायची?

टेस्टिंगच्या कामाला नव्याने लागलेली मुलं हमखास विचारतात, "सर, 250 अँपिअरच्या एमसीसीबीला झेडएस किती चालतो?" झेडएस म्हणजे अर्थ फॉल्ट झाला की करंट ज्या वाटेने फिरून परत जातो, त्या पूर्ण वाटेचा अडथळा (इम्पीडन्स), ओहममध्ये. तो इतका कमी हवा की फॉल्ट करंटने ब्रेकर वेळेत उडेल. एमसीसीबी म्हणजे मोठा, बहुतेकदा डायलवाला ब्रेकर; एमसीबी म्हणजे ठरलेल्या सेटिंगचा छोटा ब्रेकर. एमसीबी असता तर चटकन सांगता आलं असतं. सी कर्व्हचा 32 अँपिअरचा एमसीबी दहा पटीला, म्हणजे 320 अँपिअरला, नक्की उडतो. 230 भागिले 320, साधारण 0.72 ओहम (खाली येणारा 0.95 धरला तर 0.68), विषय संपला. अ‍ॅडजस्टेबल ब्रेकरची मर्यादा मात्र डायल कुठे फिरवून ठेवलाय त्यावर ठरते. म्हणून मी उलट विचारतो, "पॅनेल उघडून डायल पाहिलास का?"

समजा, मॅग्नेटिक डायल (मोठ्या करंटला क्षणात उडवणाऱ्या भागाचा) 5 वर आहे. 250 च्या पाचपट 1250 अँपिअर. पण आयईसी 60947-2 हे ब्रेकरचं स्टँडर्ड या सेटिंगला 20 टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा देतं, त्यामुळे धरायचे 1500. व्होल्टेज थोडं पडलेलं असू शकतं म्हणून बीएस 7671 या ब्रिटिश वायरिंग नियमांप्रमाणे 230 ला 0.95 ने गुणायचं: 218.5 भागिले 1500, म्हणजे 0.146 ओहम. शिवाय आपण मोजतो तेव्हा केबल थंड असते, लोडवर तापली की रेझिस्टन्स वाढतो. त्यासाठी 80 टक्के धरले की मीटरवर 0.117 च्या आत दिसायला हवं. 0.11 आलं? पास.

आता खरी गंमत. मोटर चालू करताना ब्रेकर उडतो म्हणून मेंटेनन्सवाला डायल 10 वर नेतो. 0.146 ची मर्यादा निम्म्यावर, 0.073 वर येते, आणि फाइलमधला 0.11 चा रिपोर्ट तसाच 'पास' म्हणून पडून राहतो. 0.11 ला फॉल्ट करंट साधारण 2090 अँपिअर. मॅग्नेटिक भाग तेवढ्यावर हलेलच असं नाही. मग भिस्त तापून सावकाश उडवणाऱ्या थर्मल भागावर, आणि डिस्ट्रिब्युशन सर्किटची 5 सेकंदांची मर्यादा हुकू शकते. म्हणून रिपोर्टमध्ये झेडएसशेजारी डायलचं सेटिंग लिहायचंच. त्याशिवायचा आकडा मी तरी मान्य करत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिटमध्ये आणखी एक खाच आहे. शॉर्ट टाइमचं (थोडा वेळ थांबून उडण्याचं) सेटिंग बहुतेक ठिकाणी आयआरच्या, म्हणजे लावलेल्या ओव्हरलोड करंटच्या पटीत असतं आणि इन्स्टंटेनियसचं (लगेच उडण्याचं) आयएनच्या, म्हणजे ब्रेकरच्या मूळ रेटिंगच्या. 400 चा ब्रेकर, आयआर 0.8 वर, शॉर्ट टाइम 5 पट: हे 1600 अँपिअर होतात, 2000 नाही. उद्या कुणी फक्त आयआर वाढवला तरी झेडएसची मर्यादा खाली येते, हे पटकन लक्षात येत नाही.

मीटरबद्दल थोडक्यात: 0.01 ओहमच्या पायरीने दाखवणाऱ्या टेस्टरवर 0.07 वाचून निकाल देऊ नका. ट्रान्सफॉर्मरजवळ जास्त करंटचा टेस्टर मागवा, नो-ट्रिप मोड (ब्रेकर उडू नये म्हणून अगदी कमी करंटने मोजणं) टाळा.

मर्यादेत बसत नसेल तर आधी डायल खाली येतो का पाहा, अर्थात मोटरचा स्टार्टिंग करंट तपासूनच. नाहीच जमलं तर अर्थ फॉल्ट फंक्शन (अर्थकडे जाणारा करंट वेगळा ओळखून उडवणारं) असलेलं ट्रिप युनिट. तिथे पिकअप (ज्या करंटला ते उडवतं तो) 100 अँपिअर ठेवला तर सेटिंगमधला फरक धरूनही दीड ओहमच्या पुढे मुभा मिळते. केबल बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. फक्त तीन पोलच्या ब्रेकरवर न्यूट्रलसह लोड असेल, तर न्यूट्रलचा वेगळा सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) बसवून घ्या. नाहीतर फेज असमतोल झाला की तो फॉल्ट नसतानाच उडत राहील.