रेशनच्या तांदळातले ‘वेगळे’ दाणे: मुलांच्या पोटात लोह कसं पोचवावं

रेशनचा तांदूळ सुपात घेतला की काही दाणे रंगाला जरा वेगळे दिसतात. धुताना कधी पाण्यावर तरंगतात. तासगाव-जतकडे अजूनही कितीतरी घरांत ते ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून टाकतात. माझी आईही टाकायची, नातवाच्या काळजीपोटीच.

ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी१२ जीवनसत्त्व मिसळून, त्याला तांदळाचा आकार देऊन हे दाणे बनवतात आणि साध्या 100 किलोंत 1 किलो मिसळतात. केंद्राने 2026 मध्ये रेशनच्या तांदळात ते मिसळणं तात्पुरतं थांबवलं, त्यामुळे प्रत्येक वेळी ते दिसतीलच असं नाही. निवडून टाकले की मागे उरतो नुसता साधा तांदूळ.

१. खडे काढा, हे दाणे असतील तर राहू द्या. तांदूळ चोळून धुऊ नका. पाणी बेताचं घाला, भात वेळू नका, म्हणजे पेज गाळून टाकू नका. पेज निघालीच तर ती मुलालाच पाजा.

२. एवढ्यावर भागत नाही, हिशेबच बघा. हे दाणे मिसळलेल्या तांदळात किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं. 50 ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला तर मिळतं दीड-दोन मिलिग्रॅम. आणि लागतं किती? एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज 8, चार ते सहा वर्षांच्या मुलाला 11. म्हणून सोबत मटकीची उसळ, कोरेगावचा घेवडा, बाजरीची भाकरी, पालेभाजी हवी. घरात चालत असेल तर अंडं, मटण. वरण-भातावर लिंबू पिळाच. आंबटातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-भाजीतलं लोह अंगी लागतं. पेरू, आवळाही चालेल.

३. चहा-चपाती बंद करा. हे मी कळकळीने सांगते. सकाळी चपाती चहात बुडवून द्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पण चहा जेवणातलं लोह अडवतो. दारात म्हैस असली तरी वर्षावरच्या बाळाला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध नको; पोट दुधानेच भरतं आणि दुधात लोह नावालाच.

४. दुकानातून घेताना पाकिटावर निळं ‘+एफ’ चिन्ह बघा; ते म्हणजे वरून पोषकद्रव्यं मिसळलेलं (फोर्टिफाइड) अन्न. मात्र दूध-तेलाच्या पिशवीवर ते असलं तर आत ए आणि डी जीवनसत्त्वं असतात, लोह नव्हे. लोहासाठी तांदूळ, आटा किंवा लोह-आयोडीन दोन्ही असलेलं मीठ घ्या.

५. मूल फिकट दिसतं, लवकर दमतं, माती खातं, तर आधी रक्त तपासून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी, आणि तिथे डॉक्टरांचं औषधच लागतं. आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा 1 मिली; ते अ‍ॅनिमिया होऊ नये म्हणून असतं, उपचार म्हणून नव्हे. ते चुकवू नका. जंताची गोळीही वेळेवर द्या. मुलाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.