एफए कपचा अख्खा सीझन पुण्यात बसून कसा फॉलो करायचा (ऑगस्टपासून, फायनलपासून नाही)

आपल्याकडे एफए कप (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची, म्हणजे एफएची, लहानमोठ्या सगळ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) म्हणजे मे महिन्यातली एक फायनल, ती पण आपला क्लब असेल तर, नाहीतर दुसऱ्या दिवशी हायलाइट्स. आणि मग हेच लोक कट्ट्यावर सांगणार की त्या कपात आता काही राम राहिला नाही. अरे 14 राउंडची स्पर्धा, तुम्ही चौदाव्या राउंडला उगवणार, राम सापडणार कुठून?

तर ही पद्धत. ऑगस्टमध्ये अगदी पहिल्या राउंडमधली कुठलीही एक मॅच उचलायची, त्यात जो क्लब जिंकेल तो तुमचा. पुढच्या राउंडला तो जिंकला तर छानच, हरला तर ज्याने हरवलं तो तुमचा. असं करत करत मे पर्यंत जायचं. नॉकआउट असल्यामुळे दर राउंडला कोणीतरी जिंकणारच, म्हणजे तुमची साखळी तुटत नाही आणि तुम्ही हमखास लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर फायनलमध्ये पोचता. आयडिया माझी नाही, इंग्लंडमध्ये काही लोक असं खरोखर मैदानामैदानावर जाऊन करतात, आपण फोनवर करायचं. निष्ठा वगैरे प्रश्न असेल तर एक सांगतो, पुणे एफसी आय-लीगला दुसरे आले आणि नंतर काही वर्षांत गेले, मग एफसी पुणे सिटी आलं तेही 2019 ला गुंडाळलं आणि ती जागा हैदराबादला गेली, तेव्हा क्लब बदलायची सवय पुणेकराला लावलेलीच आहे.

आधी स्पर्धेची रचना नीट डोक्यात बसवा, नाहीतर सप्टेंबरमध्येच गोंधळ होतो. 700 च्या वर क्लब असतात. सगळ्यात खाली एक्स्ट्रा प्रिलिमिनरी राउंड, मग प्रिलिमिनरी, मग चार क्वालिफाइंग राउंड, हे झाले 6. यानंतर जो सुरू होतो त्याला म्हणतात फर्स्ट राउंड प्रॉपर, म्हणजे सहा राउंड खेळून झाल्यावर पहिला राउंड, इंग्रजांचं गणित. तिथे लीग वन आणि लीग टू म्हणजे तिसऱ्या चौथ्या पायरीचे 48 क्लब येतात, खालून आलेले 32, एकूण 80. दोन राउंडनंतर उरतात 20, आणि तिसऱ्या राउंडला वरच्या दोन पायऱ्यांचे, म्हणजे प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपचे 44 क्लब उतरतात, झाले 64. तिथून पुढे सरळ निम्मे निम्मे, 32, 16, 8, 4, 2. बस एवढं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

सुरुवातीचे क्लब म्हणजे नवव्या दहाव्या पायरीचे वगैरे, तिथले खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि क्लब चालवणारे बरेचसे हौशी लोक असतात, म्हणजे तिकीट देणारा, चहा विकणारा आणि ट्विटरवर गोल टाकणारा हे तिघं नसून एकच माणूस असू शकतो. म्हणून गोल झाल्यावर अपडेट दहा मिनिटांनी आला तर चिडू नका.

कॅलेंडर आपल्या सणांवर बसवलं की लक्षात राहतं, मी तसंच करतो. श्रावणाच्या मागेपुढे एक्स्ट्रा प्रिलिमिनरी, गणपतीच्या आसपास प्रिलिमिनरी किंवा पहिले क्वालिफाइंग (विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर नेटवर्क नसतं, स्कोअर रात्री घरी जाऊन बघा), दसरा दिवाळीच्या टप्प्यात तिसरं चौथं क्वालिफाइंग, नोव्हेंबरच्या सुरुवातीला फर्स्ट राउंड, सवाईच्या थोडं आधी सेकंड राउंड, संक्रांतीच्या तोंडावर थर्ड राउंड. मग शिवजयंती, होळी, पाडवा या पट्ट्यात चौथा, पाचवा आणि क्वार्टर फायनल, एप्रिलमध्ये सेमी आणि आंब्याच्या दिवसात फायनल. तारखा दरवर्षी सरकतात, सणही सरकतात, पण साधारण जमतं.

वेळेचं मात्र नीट बघा. तिकडचे दुपारी 3 म्हणजे ऑगस्टमध्ये आपले संध्याकाळी 7:30, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात आणि मग तीच मॅच आपल्याकडे 8:30 ला, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत 7:30. शनिवारी संध्याकाळची वेळ म्हणजे आपल्यासाठी एकदम सोयीची, जेवायच्या आधी किंवा जेवता जेवता. त्रास आठवड्याच्या मधल्या मॅचेसचा, तिकडे 7:45 म्हणजे थंडीत आपल्याकडे रात्री सव्वा वाजता, आणि सकाळी हिंजवडीला जायचं असेल तर हे धंदे करू नका, सरळ झोपा, सकाळी स्कोअर बघा.

सुरुवातीचे राउंड टीव्हीवर शोधू नका, नसतात. एफए च्या साइटवर फिक्स्चर आणि रिझल्ट येतात, बीबीसीवर स्कोअर, आणि त्या क्लबचं ट्विटर. दोन्ही क्लबना फॉलो करा हे महत्त्वाचं, कारण हरणाऱ्या क्लबचा हँडल चौथा गोल खाल्ल्यावर एकदम शांत होतो. थर्ड राउंडपासून भारतात बऱ्याच मॅचेस दिसतात, पण हक्क कोणाकडे आहेत ते दर सीझनला आधी तपासा, मागच्या वर्षीच्या सबस्क्रिप्शनच्या भरवशावर राहू नका.

आता मॅच निवडायची कशी. अगदी पहिल्या म्हणजे एक्स्ट्रा प्रिलिमिनरी राउंडचा ड्रॉ (कोणाची मॅच कोणाशी याची सोडत) साधारण जुलैमध्ये येतो, दोनशेच्या आसपास मॅचेस असतात. क्लबची नावं वाचत बसा, त्यातच अर्धी मजा आहे, क्रे व्हॅली पेपर मिल्स नावाचा एक क्लब आहे, म्हणजे आपल्याकडे कागद कारखान्याची टीम असावी तसं, आणि हे लोक नोव्हेंबर 2023 मध्ये लीग वनच्या चार्ल्टनच्या मैदानावर जाऊन 1-1 करून आले होते. रिप्लेत (बरोबरी झाली म्हणून परत खेळलेल्या मॅचमध्ये) 6-1 मार खाल्ला ते सोडा. तर नाव आवडलं म्हणून निवडलं तरी चालतं, उगाच फॉर्म बिर्म बघू नका, त्या पातळीवर कोणाला काही कळत नाही.

एकट्याने करण्यापेक्षा ग्रुपने केलेलं जास्त टिकतं. आमचं असं आहे की चिठ्ठ्या टाकतो, प्रत्येकाला पहिल्या राउंडमधली एक मॅच, गुगल शीटवर एक ओळ प्रत्येकाची. आता इथे एक गंमत लक्षात घ्या, सगळेच जिंकणाऱ्याच्या मागे चाललेत म्हणजे शेवटी सगळ्यांच्या साखळ्या एकाच चॅम्पियनपाशी जाणार, मग जिंकणार कोण? म्हणून नियम असा की दोन जणांच्या साखळ्या एकाच मॅचमध्ये समोरासमोर आल्या तर जो हरणाऱ्या टीमबरोबर आला त्याची साखळी तिथे बंद, त्याचे पॉइंट तिथे गोठले. म्हणजे कपच्या आत आपला स्वतःचा एक छोटा नॉकआउट. पॉइंट साधे ठेवा: मॅच जिंकली की 1, बाहेरच्या मैदानावर जिंकली तर आणखी 1, वरच्या पायरीच्या टीमला हरवलं तर जेवढ्या पायऱ्यांचा फरक तेवढे जास्तीचे. आणि ऑगस्टमधला तुमचा मूळ क्लब जोपर्यंत जिवंत आहे तोपर्यंत सगळं डबल. हा डबलचा नियम काढू नका, नाहीतर त्या बिचाऱ्या पहिल्या क्लबशी कोणाचं नातंच राहत नाही.

चिठ्ठ्या करताना अजून एक, क्वालिफाइंगचे ड्रॉ विभागवार असतात, प्रवास कमी व्हावा म्हणून, त्यामुळे तिघांना केंट या एकाच परगण्यातले क्लब दिले तर सप्टेंबरमध्येच एकमेकांना खाणार. मॅप उघडा, एक उत्तरेतला, एक लंडनच्या बाजूचा, एक पार पश्चिमेचा असं पसरवा. फर्स्ट राउंड प्रॉपरपासून ड्रॉ अख्ख्या देशाचा एकत्र, सीडिंग (मोठ्या क्लबना एकमेकांपासून लांब ठेवणं) वगैरे काही नाही, बॉल काढायचे, ज्याचा नंबर आधी तो घरच्या मैदानावर. आधीची मॅच बाकी असेल तर ड्रॉमध्ये "अमुक किंवा तमुक" असं येतं, शीटमध्येही तसंच लिहून ठेवा.

ही साखळी कशी पळते ते बघायचं तर 2023-24 चा सीझन घ्या, कारण त्यात मेडस्टोन युनायटेड होता. केंटमधला क्लब, सहाव्या पायरीचा, घरचं ग्राउंड आर्टिफिशियल टर्फचं, म्हणजे बाणेर वाकडमध्ये तासावर टर्फ घेऊन खेळणाऱ्यांना एकदम जवळचं वाटेल असं. दुसऱ्या क्वालिफाइंगपासून खेळत आले, थर्ड राउंडला स्टीव्हनेजला 1-0 ने काढलं आणि चौथ्या राउंडला 27 जानेवारी 2024 ला इप्सविचच्या घरी गेले. इप्सविच म्हणजे चॅम्पियनशिपमधली टीम, चार पायऱ्या वर, त्याच सीझनला पुढे प्रीमियर लीगमध्ये गेली. अख्खी मॅच इप्सविचने शॉट मारले, गोलकीपर कोवोलान अडवत राहिला, आणि मेडस्टोन 2-1 ने जिंकले. आमच्या नियमाने एका मॅचचे 1 अधिक बाहेरचा 1 अधिक पायऱ्यांचे 4, एकूण 6.

पाचव्या राउंडला कोव्हेंट्रीने त्यांना 5-0 धुतलं. बहुतेकांसाठी गोष्ट इथे संपली. साखळीवाल्यासाठी इथून खरी सुरू झाली, कारण आता तुम्ही कोव्हेंट्रीचे. क्वार्टर फायनलला वुल्व्ह्जविरुद्ध नव्वद मिनिटं संपली तेव्हा 2-1 मागे, आणि इंज्युरी टाइममध्ये दोन गोल टाकून 3-2. सेमी मँचेस्टर युनायटेडशी वेम्ब्लीवर, 3-0 मागे, शेवटच्या वीसेक मिनिटांत 3-3, एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी चौथा गोल पण झाला आणि व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने) ऑफसाइड देऊन काढून घेतला, मग पेनल्टीवर हरले. पाच मिनिटं शिव्या द्या आणि मग नियमाप्रमाणे युनायटेडचे व्हा, हा सगळ्यात अवघड क्षण असतो, पुण्यातल्या लिव्हरपूलवाल्यांनी तर आधीच विचार करून ठेवावा. 25 मे ला फायनलमध्ये युनायटेडने मँचेस्टर सिटीला 2-1 हरवलं, म्हणजे सहाव्या पायरीच्या टर्फवरून निघालेली साखळी कपपर्यंत पोचली.

त्याच सीझनमध्ये एक धडा पण आहे. फर्स्ट राउंडला हॉर्शम नावाच्या छोट्या क्लबने बार्न्सलीच्या मैदानावर 3-3 केलं, रिप्ले बार्न्सलीने 3-0 जिंकली, झालं, सगळ्यांनी शीटमध्ये बार्न्सली लिहिलं. आणि मग कळलं की बार्न्सलीने पात्र नसलेला खेळाडू खेळवला होता, त्यांना स्पर्धेतून काढलं आणि हॉर्शम पुढच्या राउंडला. तेव्हा रिझल्ट मॅचनंतर लगेच काळ्या पेनने लिहू नका, पुढची मॅच सुरू होईपर्यंत कच्चाच समजा. थंडीत मैदान गोठलं किंवा पाणी साचलं म्हणून मॅच पुढे जाणं हे तर नेहमीचंच, आपल्याला पावसाळ्यात ग्राउंड बुकिंग गेलेलं असतं तेव्हा सहानुभूती वाटेल.

रिप्लेबद्दल सांगायला हवं कारण जुन्या गोष्टी वाचाल तर घोळ होईल. 2024-25 पासून फर्स्ट राउंड प्रॉपरपासून पुढे रिप्ले बंद, बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी त्याच दिवशी. मोठ्या क्लबच्या वेळापत्रकासाठी केलं हे उघड आहे आणि माझ्या मते कपचं यात नुकसानच झालं. 2005 च्या जानेवारीत एक्झिटर सिटी लीगबाहेर पडलेला, कर्जात बुडालेला, समर्थकांनी चालवायला घेतलेला क्लब, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन 0-0 करून आला. रिप्ले 2-0 हरले, पण तिकिटांच्या पैशात दोन्ही क्लबना वाटा असतो, त्या दोन मॅचेसच्या कमाईने क्लब सावरला. आज तीच मॅच पेनल्टीवर संपली असती आणि दुसऱ्या मॅचचा गल्ला गेला असता. पहिल्या सीझनला, 1871-72 मध्ये, ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने सेमीला वाँडरर्सशी बरोबरी केली आणि परत लंडनला यायला पैसे नाहीत म्हणून स्पर्धा सोडली, वाँडरर्स फायनलला गेले आणि रॉयल इंजिनियर्सला 1-0 हरवून कप घेऊन गेले. म्हणजे पैशाचा आणि रिप्लेचा झगडा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

सेमी पण वेम्ब्लीवर घेतात, 2008 पासून दोन्ही तिथेच, त्याने फायनलचं अप्रूप कमी झालं असं माझं मत, पण साखळीला फरक पडत नाही.

हिशोबाचं शेवटचं. पेनल्टीवर जिंकलेली मॅच पूर्ण विजय धरायची, अर्धे पॉइंट वगैरे भानगड ठेवली की फायनलच्या रात्री भांडणं होतात. फायनलची वेळ दरवर्षी वेगळी असू शकते, आपल्याकडे साडेसात किंवा नऊ, त्यामुळे कोणाच्या घरी बसायचं ते आधी ठरवा, सोसायटीत असाल तर आवाजाचा अंदाज घ्या. ज्याची साखळी सगळ्यात आधी बंद झाली त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ द्यायची, जास्तीचा पाव त्याच्याच खात्यात, आणि शीटची कॉपी करून नवीन सीझनचं नाव देऊन ठेवा कारण जुलैमध्ये ड्रॉ येतो तेव्हा कोणालाच आठवत नाही की लिंक कुठे आहे.