गिरणगावात भाड्याने खोली घेताना या चुका टाळा

गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांच्या भागात, जी व्यक्ती तुमच्या हाती खोलीची किल्ली ठेवते, ती त्या खोलीची मालक असतेच असे नाही. जुन्या चाळींत तर ती बहुधा नसतेच. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, काळाचौकी, नायगाव या भागांत खोली पाहायला आलेला नवा माणूस भाडे, डिपॉझिट आणि स्टेशनपासूनचे अंतर यांची चौकशी करतो, मोरीत डोकावतो, नळ सोडून पाहतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. खोली नेमकी कोणाची, हा प्रश्न त्याला पडतो तो कटकट उभी राहिल्यावर. या भागात भाड्याने राहणाऱ्यांच्या ज्या अडचणी मी पाहिल्या, त्यांतील बहुतेकींचे मूळ या एका न विचारलेल्या प्रश्नात होते.

पावती न पाहता टोकन देणे

येथील चाळींत कुटुंबे पिढ्यानपिढ्या पगडीने, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन मिळवलेल्या कायमच्या भाडेहक्काने, राहत आली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि पगडीधारकाचे महिन्याचे भाडे नाममात्र राहिले. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, घरातली पुढची पिढी डोंबिवली, विरार, बदलापूरकडे सरकली. पण खोली कोणी सोडली नाही, कारण पुनर्विकासात मिळणाऱ्या घराचा हक्क त्या खोलीला चिकटलेला आहे. अशा बंद खोल्याच आज भाड्याने निघतात. म्हणजे इमारतीचा घरमालक एक, पगडीचा भाडेकरू दुसरा आणि तुम्ही तिसरे.

सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २६ नुसार, घरमालकाशी तसा करार झालेला नसेल तर भाडेकरूला आपली जागा पोटभाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापरपरवान्यावर) देता येत नाही, आणि दिल्यास त्याच कारणावरून घरमालक त्याच्याविरुद्ध जागा खाली करून घेण्याचा दावा लावू शकतो. तो दावा पगडीधारकाविरुद्ध असला, तरी सामान बांधावे लागते तुम्हाला.

म्हणून टोकन देण्याआधी चालू महिन्याची भाडेपावती मागून घ्यावी आणि ती नीट वाचावी. पावतीवरचा खोली क्रमांक आणि दारावरचा क्रमांक एकच आहे का, पावती शेवटची केव्हा फाडली आहे, आणि मुख्य म्हणजे नाव कोणाचे आहे, हे पाहावे. काळाचौकीला मी घेतलेल्या पहिल्या खोलीची पावती अशीच पिवळट, घडीवर फाटलेली होती आणि तिच्यावर नाव होते खोली देणाऱ्याच्या दिवंगत आजोबांचे. मी ते वाचले, पण त्याचा अर्थ लावला नाही. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी कामावरून परतलो तर दाराला माझ्या कुलपावर दुसरे कुलूप लटकलेले. खोलीवर आपलाही हक्क आहे असे म्हणणारे चुलतभाऊ खाली नाक्यावर उभे होते. ती रात्र मी शेजारच्या काकांच्या गॅलरीत काढली. पावतीवर मृत व्यक्तीचे नाव असेल, तर सर्व वारसांची लेखी संमती आणि घरमालकाचे परवानगीपत्र हाती आल्याखेरीज व्यवहार करू नये. ‘आमच्याकडे असेच चालते’ हे दलालाचे वाक्य खरे असते, पण अडचणीच्या दिवशी दलाल फोन उचलत नाही.

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?’

हा गैरसमज मुंबईत फार खोल रुजलेला आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी याच कायद्याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणणे म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चाची सबबही टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के कल्पित व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. पंचवीस हजार भाडे, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर ते जेमतेम सातशे रुपयांच्या घरात जाते. शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये.

करार नोंदवून घेण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. त्याने ती पाळली नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वाद झाल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे मानले जाते. तुम्ही आधीच बिननोंदणीच्या कागदावर राहत असाल, तर भांडण न काढता ही तरतूद समोर ठेवून नोंदणीचा आग्रह धरावा. मात्र मुदत संपल्यावर हटून बसण्याचा विचार कोणी करू नये; कलम २४ नुसार मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई वसूल होऊ शकते.

‘हेवी डिपॉझिट’चा मोह याच मुद्द्याशी जोडलेला आहे. भाडे जवळजवळ नाही, पण पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, हा सौदा कागदावर स्वस्त दिसतो. ती रक्कम घेणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात किंवा गावच्या घराच्या स्लॅबमध्ये गेलेली असते आणि परत देण्याच्या वेळी त्याला नवा डिपॉझिटवाला शोधावा लागतो. पावतीवर ज्याचे नाव नाही त्याला अशी रक्कम देणे हा निव्वळ जुगार आहे. रक्कम कितीही असो, ती जागा देणाऱ्याच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा करावी. दलालाच्या हाती रोख देऊ नये.

इमारतीची तब्येत न पाहणे

१९४० पूर्वीच्या कित्येक इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, असून त्यांची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. हे मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. आपल्या इमारतीचे नाव त्यात आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. इमारत खाली करण्याची वेळ आली तर संक्रमण शिबिरातला गाळा पात्र भाडेकरूला मिळतो, तुम्हाला नाही. गॅलरीखाली लावलेले टेकू, सज्जाच्या सुटलेल्या लोखंडी सळ्या आणि एकाच भिंतीला केलेला ताजा रंग या गोष्टी दिवसाउजेडी पाहाव्यात. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचे प्रकरण आणखी वेगळे आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील या २०७ इमारती सरकारी जमिनींवर असून वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे म्हाडामार्फत पुनर्विकास सुरू आहे. तेथे कोणी १६० चौरस फुटांची खोली ‘दोन वर्षे निवांत राहा’ म्हणून देत असेल, तर ती इमारत कोणत्या टप्प्यात रिकामी होणार आहे, हे आधी विचारावे.

पाणी, जिना आणि ऋतू

पाणी किती वाजता येते, हे दलालाला नव्हे, शेजारच्या काकूंना विचारावे. वेळेसोबतच दाब कसा असतो, पाणी वरच्या मजल्यावर चढते का आणि मोरीतला पिंप कोणाचा, हेही त्या सांगतील. वीजबिल बहुधा बेस्टचे आणि जुन्याच नावावर येते. थकबाकी तपासून ताबा घेण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. जिन्याची रुंदी टेपने मोजावी, हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण माझे लाकडी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असे अडकले की सुतार बोलावून ते कापावे लागले.

ऋतूचाही विचार हवा. हिंदमाताचा सखल भाग जोरदार पावसात तुंबतो. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कांडल्या जातात तेव्हा दम्याच्या रुग्णाने तेथली खोली एकदा प्रत्यक्ष बसून पाहावी. टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी दोन-तीन महिने परळला राहणाऱ्या कुटुंबांनी तर अवश्य. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागमध्ये टेम्पो आत आणण्याची कल्पनाही करू नये.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत वरील कटकटी कमी असतात. तेथे सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाची आकारणी) कोण भरणार, एवढे करारात लिहून घ्यावे. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

खोली सोडताना

डिपॉझिट अडकते ते सहसा किल्ली आधी दिल्यामुळे. खोली रिकामी केल्यावर ताबा परत दिल्याचा कागद दोन प्रतींत लिहावा, त्यावर तारीख, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश फोनवर आल्यानंतरच किल्ली खिशातून काढावी.