गिअरबॉक्स उतरवण्याआधी: सात आसनी गाडी वाटेत बंद पडल्यास काय करावे

गाडी गिअर घेत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला, असा निष्कर्ष काढण्याची घाई मालकही करतो आणि गॅरेजवालाही करतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा क्लचमध्ये, गिअरच्या केबलमध्ये किंवा ऑटोमॅटिक गाडीच्या एखाद्या सेन्सरमध्ये असतो. गिअरबॉक्स खाली उतरवणे हेच मोठ्या मजुरीचे काम असल्यामुळे दोष कोठे आहे हे ठरण्यापूर्वी त्याला होकार देऊ नये. इनोव्हा, एर्टिगा, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांना मुंबईत विशेष त्रास होतो, कारण सायन ते घाटकोपर या रांगेत अर्धा क्लच दाबून सरकणारी तीच गाडी गणपतीला घरची सगळी माणसे आणि टपावरचे सामान घेऊन कोकणातले घाट चढते.

चालू रस्त्यावर बिघाड झाल्यास वेग शिल्लक आहे तोवर धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी. बोरघाटासारख्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती सरकणार नाही, हा भरवसा अशा वेळी धरता येत नाही. क्लच घसरत असेल तर इंजिन चाके रोखून धरू शकत नाही, आणि ऑटोमॅटिक गाडीतही केवळ ‘पी’वर, म्हणजे पार्किंगच्या गिअरवर, विसंबू नये. हँडब्रेक पूर्ण ओढावा, चाकांना उताराच्या बाजूने दगड लावावेत आणि मगच लहान मुले व वयस्कर मंडळींना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे, गाडीपासून दूर उभे करावे. त्रिकोणी फलक गाडीच्या बराच मागे, वळण असल्यास मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवावा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर किंवा अटल सेतूवर गाडी थांबवण्यास मनाई असल्याने तेथे बॉनेट उघडून स्वतः प्रयोग करीत बसू नये, लगेच मदत मागवावी.

मॅन्युअल गाडीत दोष ओळखण्याच्या काही खात्रीच्या खुणा आहेत. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण चालू असताना एकही पडत नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. पेडल मऊ लागत असेल किंवा क्लचच्या तेलाच्या डबीतील पातळी खाली गेली असेल, तर क्लचच्या सिलिंडरमधून गळती असण्याची शक्यता मोठी असते आणि ती दुरुस्ती तुलनेने किरकोळ आहे. इंजिन बंद असतानाही गिअर हलत नसेल, तर आधी केबल आणि जोडणी पाहायला सांगावी. अॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, हे घसरणाऱ्या क्लचप्लेटचे लक्षण होय. ते तपासायचे असल्यास सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून, गाडीपुढे कोणी नाही याची खात्री करून, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा; इंजिन तत्काळ बंद पडले तर पकड ठीक आहे, घरघरत चालूच राहिले तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते.

आवाजही बरेच काही सांगतो. न्यूट्रलमध्ये येणारी गुणगुण क्लच दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्समधील बेअरिंगवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचची पकड सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. एकाच गिअरला खरखर होणे किंवा तोच गिअर आपोआप सुटणे, हा मात्र बहुधा आतला दोष असतो.

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकून संथ चालू लागली, तर ती बहुधा स्वतःला वाचवण्यासाठी तशी वागत असते. गाडी थांबवून, काही वेळाने पुन्हा सुरू केल्यावर ती सुधारली तरी स्कॅनर लावून त्रुटीचा कोड लिहून घ्यावा; कोड पुसून ‘झाले काम’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

टोइंगच्या बाबतीत हट्ट धरावा. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाचा पंप चालत नाही, त्यामुळे ज्या चाकांना शक्ती मिळते ती रस्त्यावर फिरत राहिल्यास आतले भाग कोरडे घासतात. एर्टिगाची पुढची चाके ओढतात, तर इनोव्हा क्रिस्टाची मागची, हे टोइंगवाल्याला ठाऊक असेलच असे नाही. सपाट फलाटाची, म्हणजे चारही चाके वर घेऊन जाणारी गाडी मागवणे हाच निर्धोक मार्ग आहे.

पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर ती सुरू करण्याचा प्रयत्नच करू नये. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा येण्याजाण्याच्या नळीतून) पाणी आत जाते आणि तेल दुधाळ चहासारखे दिसू लागते. साधा वाहनविमा यांत्रिक बिघाड किंवा झीज भरून देत नाही; पाण्यामुळे झालेल्या अशा हानीसाठी इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते, आणि पाण्यात इंजिन पुन्हा चालवले असल्यास दावा अडकू शकतो.

गॅरेजमध्ये लेखी अंदाजपत्रक घ्यावे, त्यात सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवायला लावावी, काढलेले जुने भाग परत मागावेत. गाडी वॉरंटीत असेल तर आधी अधिकृत केंद्रात न्यावी, मात्र क्लचप्लेट झिजणारा भाग म्हणून सहसा त्यातून वगळलेली असते. गिअरबॉक्स उतरलाच, तर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे आणि इंजिनच्या मागच्या ऑइल सीलची तपासणी करून घ्यावी. बेअरिंगचे पैसे वाचवून पुन्हा तीच मजुरी देणे याला काटकसर म्हणता येत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना गिअरबॉक्स स्वस्तात मिळतो, पण तो नेमक्या त्याच मॉडेलचा व इंजिनचा आहे का हे पाहावे आणि बिलाशिवाय घेऊ नये, कारण चोरीच्या गाडीचा भाग निघाल्यास उत्तर द्यायला आपणच उभे राहतो. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून, शक्यतो घरची चार माणसे मागे घेऊन, एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर सर्व गिअर वापरून पाहावेत, रिव्हर्सही विसरू नये. त्या रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला, तर गाडी त्याच दिवशी परत न्यावी.