एक्सोस्केलेटन अंगावर चढवण्याआधी

एक्सोस्केलेटन म्हणजे मणक्याच्या इजेने पाय लुळे पडलेल्या माणसाला उभं करून चालवणारं, पायांवर पट्ट्यांनी बांधायचं यंत्र. चार्ज केलेली बॅटरी, कुबड्या, मापाची टेप, धरायला दोन माणसं हे सगळ्यांच्या लक्षात असतं. रुग्णाची उंची-वजन फोनवरच विचारा. रीवॉक ६.० या यंत्राला १६० ते १९० सेंटिमीटर उंची लागते, वजन १०० किलोपर्यंत चालतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका तिथेच बाद होतात. हडपसरहून रिक्षाने बोलावून मग नाही म्हणू नका. हाडांची घनता तपासलेली हवी, खुबे-गुडघे आखडलेले नकोत.

आता त्वचा. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. टेप हातात घेण्याआधी पँट उतरवून बघा: माकडहाड, खुबे, नडगी, टाचा. पुण्याच्या खड्ड्यांतून तासभर बसून आलेल्या माणसाच्या माकडहाडावर आधीच दाबाचा डाग असू शकतो.

माप दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्या, ज्या बुटांत चालणार तेच घालून. यंत्राचा खुब्याचा सांधा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यासमोर यावा. गुडघ्याला वेळ द्या. तो बिजागरीसारखा एका जागी फिरत नाही. वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर लोळतं आणि घसरतंही. यंत्राचा सांधा एकाच अक्षावर फिरतो, म्हणून प्रत्येक उठबशीला पट्टा सरकतो आणि कातडी ओढली जाते. अक्ष चुकला की ओढ वाढते, आणि कमरेखाली संवेदना नसलेला माणूस 'दुखतंय' म्हणणार नाही. तेव्हा पुन्हा सांगते, त्वचा बघा. दोन-चार वेळा उठवून-बसवून, पट्टे सोडून बघा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. हाताने चाचपा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते पाहा. अर्ध्या तासात डाग गेला नाही तर त्या दिवशी चालवायचं नाही. घरचे कितीही आशेने बघत असले तरी नाही. एका जखमेपायी महिनोन्‌महिने अंथरुणात जातात.

जीन्स नको, शिवण रुतते. लघवीची पिशवी रिकामी करा, तिची नळी पट्ट्याखाली दाबली जाऊ देऊ नका. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर बीपी मोजत राहा. अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला तर लगेच बसवा, पट्टे सैल करा, नळी तपासा, बीपी उतरेना तर डॉक्टरांना बोलवा.

पट्ट्यांच्या खुणा लिहून ठेवा. यंत्र काढल्यावर त्वचा बघा. दुसऱ्या दिवशी घरी फोन करून पुन्हा बघायला लावा.