खुफूच्या पिरॅमिडसाठी पर्वती

शाळेच्या पुस्तकात गिझाचा पिरॅमिड पाहिला, तेव्हापासून इजिप्तने मनात घर केलंय. साठीत तिकीट काढलं आणि गुडघे कुरकुरू लागले. गिझातल्या त्या खुफू राजाच्या पिरॅमिडमधली चढती वाट जेमतेम ४ फूट उंच, वाकूनच चढायची.

रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या सुरू केल्या. दम टिकू लागला, पण वाकलं की कंबर धरायची. फिजिओथेरपिस्ट भाची म्हणाली, "मावशी, पाठ नको वाकवूस, गुडघ्यांत बस."

मग बोळात ४ फुटांवर सुतळी बांधली. पाठीला सुतळी घासली की आणखी खाली! आता सलग वीस फेऱ्या होतात, कंबर गप्प. साडेचार हजार वर्षं पिरॅमिडमध्येच असलेली खुफूची ग्रॅनाइटची शवपेटी पुढच्या महिन्यात डोळे भरून बघणार.