गाणे समर्पित करताना मजकूर कसा लिहावा आणि खासगीपणा कसा जपावा

एखादे गाणे कुणाला समर्पित करायचे ठरले की आधी ते शब्दांकडे लक्ष देऊन शेवटपर्यंत ऐकावे. मुखडा आपल्या ओठांवर असतो, पण शेवटच्या अंतऱ्यात ताटातुटीची ओळ निघाली, तर वाढदिवसाच्या दिवशी ती मनाला लागते.

मग मजकूर लिहायला घ्यावा. तीन-चार वाक्ये पुरेशी होतात. कोणत्या ओळीपाशी त्या व्यक्तीची आठवण येते आणि का येते, एवढेच त्यांत सांगावे. आपुलकीच्या भरात नेमकी इथेच चूक होते. ‘अमुक रुग्णालयात तुझ्या शस्त्रक्रियेच्या रात्री आपण हे गाणे ऐकले होते’ हे वाक्य कितीही मनापासून लिहिलेले असले, तरी मैत्रिणीच्या आजारपणाची बातमी ते तिला न विचारता चारचौघांत पोहोचवते. त्याऐवजी ‘त्या न सरणाऱ्या रात्री इअरफोनची एक बाजू तुझ्या कानात होती, एक माझ्या’ असे लिहिले, तर तिला सगळे आठवेल आणि इतरांना काहीच कळणार नाही. मला तर दुसरे वाक्यच अधिक जवळचे वाटते, कारण ते फक्त तिच्यासाठी लिहिलेले आहे.

नावाऐवजी आद्याक्षर किंवा दोघांतलेच संबोधन वापरावे. सर्वांना ठाऊक असलेल्या टोपणनावाने ओळख लपत नाही. आडनाव, जन्मतारीख, फोन क्रमांक, कामाचे ठिकाण यांची मजकुराला मुळीच गरज नसते.

पाठवण्यापूर्वी दुवाही तपासावा. यूट्यूबच्या शेअर बटणातून मिळणाऱ्या छोट्या दुव्यात प्रश्नचिन्हानंतर ‘एसआय’ने (si) सुरू होणारा, दुवा शेअर केल्याचा माग ठेवणारा भाग असतो, प्रश्नचिन्हासह तो खोडला तरी गाणे उघडते. सोबत छायाचित्र जोडायचे असेल, तर मूळ फाइलमध्ये ते टिपल्याच्या जागेची नोंद असू शकते, म्हणून ती नोंद आधी काढून टाकावी.

शक्यतो मजकूर थेट त्या व्यक्तीलाच पाठवावा. सर्वांसमोर मांडायचा असेल, तर आधी तिला तो जसाच्या तसा वाचायला द्यावा आणि स्पष्ट होकार मिळेपर्यंत थांबावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्टेटस २४ तासांनी नाहीसे होते खरे, पण तेवढ्या वेळात कुणीही त्याचा स्क्रीनशॉट घेऊ शकते. पुढे कधी तिने मजकूर काढायला सांगितले, तर कारण न विचारता तो लगेच काढावा.